खुंट माझ्या माहेरचा

गुलाबाला भलत्याच रंगाचं फूल का येतं, ते मला विचारा. उन्हाळ्यात रंग विटतो, थंडीत चढतो. कळी गडद असते, उमलली की फिकी पडते. नर्सरीवाला चुकीची चिठ्ठी लावून देतो. कलमाच्या खालून फुटवा येतो आणि वरच्या झाडाला खाऊन टाकतो. सगळं पाठ आहे मला, मोबाईलवर वाचून वाचून डोळे गेले माझे. फक्त आमच्या गॅलरीतल्या गुलाबाचं खरं कारण काय होतं, ते माझ्याच माणसांनी माझ्यापासून लपवलं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही.

माझं माहेर वेळणेश्वरचं. समुद्राकडचा रस्ता सोडून पाखाडीच्या पायऱ्या चढून वर गेलं की जांभ्याच्या गडग्याच्या कुंपणाआड आमचं घर. कौलारू, पुढे पडवी, पुढे सारवलेलं अंगण. वडील आंब्याची कलमं बांधायचे. आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणी यायची. गुलाबबिलाबाच्या फंदात पडणारे नव्हेत ते, पण एकदा गुहागरला कुणाच्या तरी बंगल्यात पिवळा गुलाब बघितला आणि तिथून फांदी मागून आणली, ओल्या फडक्यात गुंडाळून. आईने तिच्या माहेराहून गावठी गुलाबाची एक काडी आणून अंगणाच्या कोपऱ्यात लावलेली होती. गुलाबी, बारकी फुलं यायची त्याला, पण वास असा की पडवीपर्यंत. त्या गावठी गुलाबाचा खुंट धरून त्यावर वडिलांनी आंब्याच्याच चाकूने पिवळ्याच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे कोंब, भरला आणि केळीच्या सोपटाने बांधून टाकला. डोळा फुटला, तेव्हा वरची गावठी फांदी छाटून टाकली. "खुंट तुझा, डोळा माझा," असं ते आईला म्हणायचे, आणि आई "पुरे" म्हणून आत जायची.

फूल यायचं ते अगदी कढीच्या रंगाचं, हळद जरा कमी पडलेल्या कढीच्या. रोज एक फूल आईच्या अंबाड्यात असायचं. वडील गेल्यावर तिने कुंकू पुसलं, पण फूल माळायचं सोडलं नाही. बायका बोलल्या, तर म्हणाली, "झाड त्यांनीच लावलंय. त्यांना विचारा." आई झाडाशी बोलायची वगैरे मी काही सांगणार नाही, ती असली नाटकं करणारी बाई नव्हे. मासे धुतलेलं पाणी मात्र दुसऱ्या कुठल्या झाडाला जाऊ द्यायची नाही.

वडिलांनंतर बागेचं सगळं माझा धाकटा भाऊ बघू लागला. आई त्याच्याकडेच. मी लग्न होऊन रत्नागिरीत, हे मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कामाला. भाऊ बोलायला असा गोड की शेजारच्या म्हातारीने स्वतःहून त्याला चहा करून द्यावा. मी तर त्याला अंगाखांद्यावर खेळवलेला. त्याच्याबद्दल मला कुणी काही वाकडं सांगितलं असतं, तर मी त्या माणसाचं तोंड बघितलं नसतं.

दिवाळी झाली आणि त्याचा फोन आला. "ताई, घराचे वासे गेलेत. कौलं उतरवून सगळं नीट करून घेतो. आईला धुरळ्यात कुठे ठेवू? शिमग्यापर्यंत तुझ्याकडे ने." मला काय, आनंदच झाला. मी न्यायला गेले, तर आई यायला तयार होईना. आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. ती अंगणात आली की घरच्या बाईने ओटी भरायची. आई त्या घरात आल्यापासून एकदाही चुकलेली नव्हती, वडील गेल्यावरसुद्धा. तिने भावाकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या, माझ्यासमोर. एक, "पालखी येईल तेव्हा मी माझ्या अंगणात उभी असेन." दोन, "माझ्या गुलाबाला हात लावायचा नाही."

"तुझ्या गळ्याशप्पथ, आई," असं म्हणाला तो. मी स्वतः ऐकलंय.

आई आली, एक पिशवी घेऊन. जास्त कपडे घे म्हटलं तर म्हणाली, "कशाला गो? परत तर जायचंय." पण तिचं चित्त इथे लागेना. गवंडी चुना कालवून त्याचं पाणी झाडात ओततील, पोरं फांद्या मोडतील. रोज उठून तेच. शेवटी मी भावाला म्हटलं, बाबा रे, तू ते झाडच मुळासकट काढून इथे आणून दे, परत जाताना घेऊन जाऊ. तो आधी "बघतो" म्हणाला. मग म्हणाला, "आणतो."

आणि आणलंन. रंगाच्या मोठ्या डब्यात लावून, गाडीत घालून, फेरीबोटीने. डब्यात नुसत्या काड्या होत्या. "छाटून आणलंय, पानं तशी पण वाटेत झडली असती," म्हणाला. आईने डब्याशी बसून बुंध्यावरून हात फिरवला. "कोवळी लागते रे."

"जुनं खालून कापलं ना, म्हणून."

"आणि कलमाचा सांधा?"

"मातीत गेलाय. खोल लावलंय मी."

आई पदराला हात पुसून उठली. भावाने माझ्या हातची सुरमई खाल्ली, आईच्या पाया पडला, आणि बोट चुकेल म्हणून घाईने निघाला. ह्यांनी डबा उचलून गॅलरीत ठेवला. त्या दिवशी हे जेवताना एक शब्द बोलले नव्हते, ते मला फार उशिरा आठवलं.

आईने झाडाचं सगळं केलं. तांदळाचं धुवण, माशाचं पाणी, सकाळचं ऊन कुठून येतं ते बघून डबा सरकवणं. पालवी फुटली, कळी धरली, तशी आई जरा हसूबोलू लागली. शिमग्याची भाषा सुरू झाली. ओटीला तांदूळ किती घ्यायचे, नारळ आपल्याच माडाचा हवा, इथला विकतचा नको. मला म्हणाली, "तू पण चल बाय ह्या खेपेला. आपण दोघी भरू."

मग ती कळी उमलली. तांबडी! साधी तांबडीसुद्धा नाही, लग्नाच्या हॉलमधल्या खुर्च्यांना कव्हरं घालतात तशी तांबडीभडक. आणि वास म्हणाल तर नावाला नाही.

आईने वाकून फुलाचा वास घेतला. मग म्हणाली, "हे माझं झाड नव्हे."

काय काय कारणं सांगितली आम्ही तिला! समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई म्हणाल्या, "लाल माती घातली असेल, म्हणून." आता ह्या बाईंना काय सांगायचं? इथे अवघी जमीनच तांबडी आहे, मग मोगरा तांबडा नको यायला? मी मोबाईल घेऊन बसले. उन्हाने विटलेल्या गुलाबांची माहिती होती, थंडीने चढलेल्या रंगांची होती, पण पिवळ्याचा एका रात्रीत तांबडा कुणाचाच झालेला नव्हता. ह्यांनी टीव्हीवरची नजर न काढता सांगितलं, "आईंचं वय झालं. आता त्यांना असं वाटायचंच." मला ते पटलं नाही, आणि थोडं पटलंही. काल काय भाजी होती ते ती हल्ली विसरायची.

मी भावाला फोन लावला. त्याने अगदी सहज सांगितलं, "अगं ताई, सांध्याखालून फुटवा आला असणार. वरचं मेलं, खालचं उठलं. रायवळ झालं. आंब्यात नाही का होत?"

झालं! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आंब्याच्या घरातली मुलगी मी. कलमाचा हापूस मेला आणि खालचा खुंट वाढला की त्याला काय फळ धरेल, ते ब्रह्मदेवाला ठाऊक. आंबट निघेल, गोड निघेल, नुसत्या केसरांचा निघेल. रायवळच तो, कुठल्या बाठ्याचा, कुठल्या कोयीचा कुणास ठाऊक. तसंच गुलाबाचं. मोबाईलवरसुद्धा तेच लिहिलेलं, खालून आलेला फुटवा निराळ्या रंगाचा असतो. मी उड्या मारत आईकडे गेले.

"आई, कळलं! रायवळ झालंय गो ते."

आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "रायवळ झालं म्हणतेस?"

"हो."

"तू म्हणतेस?"

"अगो हो, मीच म्हणते. दुसरं काय असणार?"

तिने निवडलेला खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, "बरं." आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

त्या दिवसापासून आईने शिमग्याचं नाव काढलं नाही. घरी कधी जायचं, कौलं चढली का, काही विचारलं नाही. झाडाला पाणी घालायची, पण फूल माळलं नाही. तांबडं फूल गणपतीला चालतं म्हणून देव्हाऱ्यात ठेवायची. हे म्हणाले, "रुळल्या बघ आई." आणि मी, मला सांगायलाही लाज वाटते, मी खुश झाले. आईला माझ्या घरात करमतंय ह्याचा मला अभिमान वाटायचा. तिच्यासाठी नवीन गाऊन काय आणले, तिच्या आवडीच्या सीरियलला चॅनेल काय लावून दिलं!

शिमगा तोंडावर आला आणि भावाचा फोन. लादी ओली आहे, संडासाचं काम अर्धं आहे, आईला ह्या वर्षी नको, पुढच्या वर्षी नक्की. मी खूप भांडले. शब्द दिलास तू तिला, म्हटलं. फोन ठेवून आईला कसं सांगावं म्हणून तिच्याजवळ गेले, तर तिनेच विचारलं, "नको म्हणाला ना?" मी हो म्हटलं. तर म्हणे, "बरं." मलाच राहवेना. मी म्हटलं, आई, मी जाते एकटी, तुझ्या नावाने ओटी भरून येते. तिने पिशवीतून खण काढून दिला. घरातून निघताना बरोबर आणलेला होता तिने तो.

"तुझ्याच नावाने भर," म्हणाली. मला वाटलं, मायेने म्हणतेय.

जयगडपर्यंत एसटी, तिथून फेरीबोटीने तवसाळ, पुढे रिक्षा. भावाला कळवलं नव्हतं. कशाला कळवायचं, माहेरीच तर जात होते. पाखाडी चढून गेले आणि पाय जागच्या जागी थांबले. गडगा नव्हता. अंगण नव्हतं. सगळीकडे ते राखाडी आणि तांबडे सिमेंटचे ठोकळे बसवलेले. मागच्या बाजूने नवा रस्ता काढलेला, आणि त्यावरून चढून आलेल्या पुण्याच्या गाड्या ओळीने उभ्या. पडवीला काचा. काचेवर होमस्टेची पाटी. आईच्या खोलीच्या दारावर पितळेचा रूम नंबर, आणि आतून हाफ पॅन्टमधला एक माणूस टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला. मला म्हणाला, "काही हवंय का?"

माझ्या माहेरच्या दारात मला विचारतोय, काही हवंय का!

तेवढ्यात ढोल वाजले. पालखी आली. भाऊच पुढे होता, खांद्यावर पालखी घेऊन नाचवत होता, आणि पाहुणे मोबाईल धरून शूटिंग करत होते. त्याने मला बघितलं. पाय चुकला त्याचा, पण सावरलंन. मी ओटी भरली, आईच्याच नावाने भरली, ती काही म्हणू दे. देवीपुढे तमाशा नको म्हणून पालखी खाली उतरेपर्यंत दात आवळून उभी राहिले. मग त्याला धरला.

"वासे गेले होते ना रे?"

"ताई, समजून घे. आंब्यावर आता काय राहिलंय? कधी थ्रिप्सची कीड, कधी अवकाळी. पोरांना काय खायला घालू? इथे आजूबाजूला सगळ्यांनी खोल्या काढल्या."

"खोल्या काढ. दहा काढ. आईला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तिने नको म्हटलं असतं."

"म्हणून विचारलं नाहीस."

"विचारणार होतो! भावोजीच म्हणाले, एकदम नको, हळूहळू कळू दे त्यांना."

भावोजी म्हणजे आमचे हे. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. भावाने मान खाली घातली. दिवाळीच्या आधीपासून ह्यांना सगळं ठाऊक होतं. माझ्या घरात, माझ्या ताटाशेजारी बसून रोज जेवणाऱ्या माणसाला ठाऊक होतं. अंगाची लाही लाही होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

"आणि गुलाब?"

त्याने एका पांढऱ्या गाडीकडे बोट केलं. तिच्या मागच्या चाकाखाली कुठेतरी. "मी बागेत फवारणीला होतो, ताई. जेसीबीवाल्याने सगळं एकदमच उचललं. मला संध्याकाळी कळलं. तू मग झाड आण म्हणालीस, मी काय करणार? नर्सरीतून आणलं. पिवळंच मागितलं होतं गं! पिवळ्या फुलाचा फोटो लावलेला होता त्याला. त्याने फसवलं मला!"

त्याचा चेहरा खरोखर दुखावलेला होता हो. नर्सरीवाल्याने फसवलं म्हणून! मला हसू फुटलं, आणि हसता हसताच रडू फुटलं. आईच्या तोंडाला पानं पुसताना ह्याची जीभ अडखळली नाही, आणि हा नर्सरीवाल्यावर रुसून बसलाय.

"आईला एक तरी खोली ठेवलीस का?"

"ऑफ सीझनला येऊ दे की. पावसाळ्यात कोणी नसतंच."

त्याने जेवून जा म्हटलं. मी पाणीसुद्धा न पिता निघाले.

घरी आल्यावर ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "तुला त्रास नको म्हणून." मी म्हटलं, "त्रास मला नको, की तुम्हाला?" हे उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले, त्या झाडाशेजारी. आमचं बोलणं आता कामापुरतं आहे.

आई आत खाटेवर बसलेली होती. मी वाटभर शब्द जुळवत आले होते, पण तिच्यासमोर एवढंच निघालं, "आई, ते झाड आपलं नव्हतं."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"फूल आलं तेव्हापासून. मी बोलले नाही का तेव्हाच?"

"पण मी रायवळ झालं म्हटलं तर तू बरं म्हणालीस!"

"रायवळ झालं असतं तर गुलाबी आलं असतं, बाय," आई म्हणाली. लहान पोराला समजवावं तशी बोलत होती. "आंब्याचा खुंट बाठ्याचा, त्याचं काय निघेल ते निघेल. गुलाबाचा खुंट काडीचा. काडी ज्या झाडाची, त्याचंच फूल. आणि काडी माझ्या माहेरची होती. मी लावलेली. तुझ्या बापाने शंभरदा सांगितलंय तुम्हाला, खुंट तुझा, डोळा माझा. वरचं पिवळं मेलं असतं, तर खालून माझं गुलाबी आलं असतं. वासासकट. तांबडं कुठून येईल?"

इतकं साधं होतं. भाऊ आंब्याचा माणूस, त्याला आंब्याचंच खोटं सुचलं, आणि मी आंब्याच्या घरची, मला तेच पटलं.

"म्हणजे झाड गेलं, हे तुला तेव्हाच कळलं?"

"झाड गेलं म्हणजे अंगण गेलं. अंगण ठेवलं असतंन तर झाडाला कोण हात लावतंय?"

"मग बोलली का नाहीस, आई? इतके दिवस! मी जाऊन भांडले असते त्याच्याशी."

आई माझ्याकडे बघेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तूच आलीस ना सांगायला, रायवळ झालं म्हणून. मी दोनदा विचारलं तुला. तू म्हणतेस का, म्हटलं. तू हो म्हणालीस. मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी मिळूनच ठरवलंय. मुलाचं घर तर गेलंच. आता मुलीच्या घरात राहायचं, तर तिच्याशी भांडून कुठे जाऊ? म्हणून बरं म्हटलं."

माझ्या घरात ती हसतखेळत राहतेय असं मी समजत होते, आणि ती मला घाबरून राहत होती. भावाने घर घेतलं, अंगण घेतलं, ते त्याचं त्याला लखलाभ. पण स्वतःचं खोटं माझ्या तोंडून वदवून घेतलंन, त्याचं मी काय करू? आई खचली ती त्याच्या बोलण्याने नाही. माझ्या बोलण्याने खचली.

मी तिचे दोन्ही हात धरले. "आई, तुझी शप्पथ घेऊन सांगते. मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. माझ्यावर विश्वास आहे ना तुझा?"

तिने माझ्या तोंडावर आलेली बट कानामागे सारली, लहानपणी वेणी घालताना सारायची तशी.

"बरं," म्हणाली.

मी रायवळ झालं म्हटलं तेव्हा म्हणाली होती, अगदी तसंच.